इंजिनिअरिंग पदवीधरांची कामगिरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बावीस वर्षं मी कारखान्यांच्या मेंटेनन्स विभागात काढली. गेली काही वर्षं त्याच्या जोडीला माजी विद्यार्थ्यांच्या कामगिरीची नोंद ठेवण्याचं कामही करते. फॉर्म येतात, मी ते वाचते, शंका आली की फोन करते. या फोनांवर तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप होतं.

कामगिरी म्हणजे नेमकं काय? पद, पगार की पुरस्कार?

माझ्या लेखी कामगिरी म्हणजे असं काम, जे तुमच्या हातून झालं, टिकलं आणि दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडलं. पद आणि पगार हे कामाचे परिणाम असू शकतात, पण ते काम नव्हे. 'व्हाइस प्रेसिडेंट झालो' एवढं वाचून तुम्ही काय केलंत हे कळत नाही. 'धरणाच्या सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले' हे मात्र वाचणाऱ्याला लगेच कळतं. विश्वेश्वरय्या पुढे म्हैसूरचे दिवाण झाले, १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. तरी इंजिनिअर त्यांची आठवण काढतात ती १९०३ मध्ये खडकवासल्याला बसवलेल्या स्वयंचलित दरवाजांसाठी. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की ते उघडत, खाली आलं की बंद होत. त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवता आलं. कामगिरी अशी दोन-तीन वाक्यांत सांगता यायला हवी.

माझ्या नावावर मोठं असं काहीच नाही. फॉर्ममध्ये काय लिहू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा पडलेला असतो. म्हणून इथे थोडं थांबते.

एका मेकॅनिकल इंजिनिअरचा फॉर्म आला होता. कामगिरीच्या रकान्यात एकच ओळ होती: 'विविध प्रकल्पांमध्ये महत्त्वपूर्ण योगदान दिले.' मी फोन केला. सुरुवातीला तो म्हणाला, "मॅडम, रोजचंच काम आहे, सांगण्यासारखं काही नाही." मग मी विचारलं, तुझ्या प्लांटमध्ये पूर्वी सतत बिघडणारं आणि आता न बिघडणारं असं काही आहे का? त्यावर त्याने एका पंपाची गोष्ट सांगितली.

गरम तेल ओढणारा पंप. त्याचं बेअरिंग दर तीन-चार महिन्यांनी जायचं. प्रत्येक वेळी नवं बेअरिंग टाकायचं, पंप आणि मोटरचं अलाइनमेंट (म्हणजे दोघांचे फिरणारे दांडे, शाफ्ट, एका रेषेत आणणं) डायल गेज या मोजमापाच्या उपकरणाने करायचं, रीडिंग अगदी बरोबर यायचं आणि तरी तीन महिन्यांनी पुन्हा तोच कर्कश आवाज. सगळे बेअरिंगच्या कंपनीला दोष देत होते. या मुलाने एक साधी गोष्ट केली. पंप चालू असताना, पूर्ण तापलेला असताना, त्याने केसिंगचं (पंपाच्या बाहेरच्या कवचाचं) आणि मोटरचं तापमान मोजलं. केसिंग चांगलंच तापलेलं होतं, मोटर त्यामानाने थंड. धातू तापला की प्रसरण पावतो, म्हणजे चालू पंपाचा शाफ्ट वर सरकत होता आणि मोटरचा शाफ्ट जागच्या जागी राहत होता. थंड असताना बरोबर केलेलं अलाइनमेंट पंप तापला की चुकीचं ठरत होतं! त्याने वाढीचा हिशोब काढला आणि मोटरच्या पायांखाली तेवढ्या जाडीच्या शिम, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या, घालून ती थंड असताना मुद्दाम वर बसवली. त्यानंतर ते बेअरिंग दोन वर्षांहून जास्त चाललं. पुढे प्लांटमधल्या बाकीच्या गरम पंपांनाही त्याने हीच पद्धत लावली.

हे सगळं सांगून झाल्यावर तो पुन्हा म्हणाला, "पण हे काही मोठं नाही ना?" मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. प्रसरणाचा धडा वर्गात प्रत्येकाने शिकलेला असतो. तो चालू यंत्रापाशी उभं राहून ज्याला आठवला, त्याने पदवीचं सार्थक केलं. फॉर्ममधली ओळ आम्ही अशी बदलली: 'गरम तेलाच्या पंपाचं बेअरिंग दर तीन-चार महिन्यांनी निकामी होत होतं. औष्णिक प्रसरणामुळे अलाइनमेंट बिघडत असल्याचं मोजमाप करून दाखवलं. थंड अवस्थेतल्या अलाइनमेंटची पद्धत बदलली, बेअरिंगचं आयुष्य दोन वर्षांवर गेलं, तीच पद्धत आता सर्व गरम पंपांना वापरतात.'

तुमच्याकडेही असा एखादा पंप असणारच. शाखेप्रमाणे त्याचं नाव बदलेल. कुणाकडे तो दर पावसाळ्यात खचणारा रस्त्याचा एक तुकडा असेल, कुणाकडे महिनाअखेरीला बंद पडणारा प्रोग्रॅम. आधी काय होत होतं, कारण काय सापडलं, तुम्ही काय बदललं आणि नंतर काय झालं, या क्रमाने आठवून पाहा.

काम सगळ्या टीमचं होतं. माझं म्हणून कसं सांगू?

टीमचं काम टीमचंच म्हणून सांगा आणि त्यात तुमचा वाटा कोणता हे नेमकं लिहा. 'पूल बांधला' असं एकट्या इंजिनिअरने लिहिलं तर मला खटकतं. 'पुलाच्या पायाचं डिझाइन तपासणाऱ्या तिघांपैकी मी एक, भूकंपाच्या भाराची गणितं माझ्याकडे होती' हे वाचून विश्वास बसतो.

फजलुर रहमान खान यांचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. ढाका विद्यापीठातून सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी, मग अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून १९५५ मध्ये डॉक्टरेट. उंच इमारत म्हणजे खांब-तुळयांचा उभा सांगाडा, असा तोवरचा रिवाज होता. उंची वाढली की वाऱ्याचा भार पेलायला त्या सांगाड्यात बेसुमार पोलाद घालावं लागे. खान यांनी इमारतीच्या बाहेरच्या भिंतींनाच एका पोकळ नळीसारखं काम करायला लावलं. शिकागोचा ११० मजली, ४४२ मीटर उंच सीअर्स टॉवर, ज्याला आता विलिस टॉवर म्हणतात, अशा नऊ नळ्या एकत्र बांधून उभा आहे. आर्किटेक्ट होते ब्रूस ग्रॅहम. खान यांचा वाटा सांगताना ग्रॅहम यांचं नाव झाकावं लागत नाही, कारण कुणी काय केलं हे स्पष्ट आहे. दुसऱ्याचं नाव घेतल्याने आपलं काम लहान होत नाही.

मी नामांकित संस्थेतून शिकलो नाही आणि माझी पदवीही फक्त बी.ई. आहे. फरक पडतो का?

पहिली नोकरी मिळताना पडतो, हे खोटं कशाला सांगू? दहा वर्षांनंतर मात्र तुमच्या कामाबद्दल विचारतात, कॉलेजबद्दल क्वचितच.

कोइची तानाका यांनी जपानच्या तोहोकू विद्यापीठातून १९८३ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि शिमाझू या उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी धरली. पुढे एम.ई. नाही, डॉक्टरेट नाही. प्रथिनांसारखे मोठे रेणू वजन मोजण्यासाठी लेसरने उडवायला गेलं की ते तुटून जायचे. एकदा तानाकांनी कोबाल्टच्या अतिसूक्ष्म भुकटीत चुकून ग्लिसरीन मिसळलं. फेकून देणं जिवावर आलं, म्हणून त्यांनी तेच मिश्रण वापरून पाहिलं आणि रेणू न तुटता मोजता आला. २००२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. वय ४३, कंपनीत साधे इंजिनिअर.

शुजी नाकामुरा हे तोकुशिमा विद्यापीठाचे, म्हणजे राजधानीपासून दूरच्या एका प्रादेशिक विद्यापीठाचे. १९७९ मध्ये तिथल्याच निचिया या तुलनेने लहान कंपनीत रुजू झाले. प्रखर निळा एलईडी त्यांनी १९९३ मध्ये बाजारात आणण्याजोगा केला. मधली चौदा वर्षं लक्षात घ्या. भट्ट्या स्वतः जोडायच्या, स्वतः दुरुस्त करायच्या, केलेलं उत्पादन खपत नाही हे पाहायचं. आज घरोघरी जे पांढरे एलईडी दिवे आहेत, ते त्या निळ्या एलईडीमुळे शक्य झाले. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांच्यासोबत मिळालं.

नोबेल प्रत्येकाला मिळणार नाही, हे उघड आहे. ही उदाहरणं देते ती नोबेलसाठी नव्हे, तर हे दोघे नोकरदार इंजिनिअर होते आणि दिलेलं काम नेटाने करता करता तिथवर पोहोचले म्हणून.

पदवी एका शाखेची, काम दुसऱ्याच क्षेत्रात. ही कामगिरी धरली जाते का?

धरली जाते, बिनदिक्कत लिहा. गुस्ताव्ह आयफेल पॅरिसच्या एकोल सांत्रालमधून १८५५ मध्ये बाहेर पडले ते रसायनशास्त्र हा विषय घेऊन, आणि आयुष्यभर लोखंडाचे पूल आणि मनोरे उभारत राहिले. जॉन बार्डीन यांची पहिली पदवी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची होती, विस्कॉन्सिन विद्यापीठाची. ते भौतिकशास्त्राकडे वळले आणि १९५६ आणि १९७२ असं दोन वेळा त्यांना भौतिकशास्त्राचंच नोबेल मिळालं.

पॉल डिरॅक यांची गोष्ट तर नोकरी शोधणाऱ्या प्रत्येक पदवीधराला सांगाविशी वाटते. १९२१ मध्ये ब्रिस्टलमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले, पहिल्या वर्गात. पहिल्या महायुद्धानंतरची मंदी होती, नोकरी मिळेना. विद्यापीठाने त्यांना फी न घेता गणित शिकायची संधी दिली आणि ती त्यांनी घेतली. १९३३ मध्ये नोबेल मिळालं. प्रमाणाबाहेर काटेकोर न राहता, अंदाजाने उत्तराच्या जवळ जाण्याचं धैर्य इंजिनिअरिंगच्या शिक्षणाने दिलं, असं ते नंतर मानत. शाखा सुटली तरी शिकलेलं वाया जात नाही.

एक अपेक्षा मात्र ठेवते. शेती, प्रशासन, शिक्षण, संगीत, काहीही करत असाल तर इंजिनिअर म्हणून शिकलेलं तिथे कसं कामी आलं, हे एका ओळीत लिहा. कामी आलं नसेल तर तसंही लिहा, हरकत नाही.

पेटंट असलंच पाहिजे का? आणि पेटंटवर नाव आहे, पण मालकी कंपनीची आहे, त्याचं काय?

असलंच पाहिजे असं नाही. संशोधक म्हणून नाव आणि मालक म्हणून नाव या दोन वेगळ्या गोष्टी. नोकरीत असताना लावलेल्या शोधाची मालकी करारानुसार सहसा कंपनीकडे जाते, संशोधक मात्र तुम्हीच राहता आणि तीच तुमची कामगिरी. लिहिताना अर्ज दाखल झाला आहे की पेटंट मंजूर झालं आहे, हे स्पष्ट करा. बरेच जण इथे गोंधळ करतात. अर्ज दाखल केल्यापासून २० वर्षं ही पेटंटची सर्वसाधारण मुदत, तीही नूतनीकरणाची फी भरत राहिलं तर.

खरं सांगायचं तर पेटंटच्या संख्येने मी फारशी भारावत नाही. एक पेटंट, पण त्यावर बनलेली वस्तू कुणीतरी वापरतंय, असं असेल तर ते मला न वापरलेल्या डझनभर पेटंटपेक्षा मोलाचं वाटतं.

नोंद कशी ठेवायची? दहा वर्षांपूर्वीचं काहीच आठवत नाही.

तारखेसह वही. पानांवर क्रमांक असलेली, पानं न फाडलेली. कॉम्प्युटरवर ठेवलीत तरी चालेल, पण कंपनीच्या नव्हे, स्वतःच्या. नोकरी सोडताना कंपनीचा लॅपटॉप परत जातो आणि त्यासोबत तुमची दहा वर्षंही जातात. मी हे स्वतः भोगलं आहे. पहिल्या नोकरीतल्या तीन मोठ्या शटडाऊनचं, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट ठरवून बंद ठेवण्याचं, नियोजन माझं होतं, आज त्यातल्या एकाचाही आकडा माझ्याकडे नाही. स्वतःच्या नोंदीत कंपनीची गुपितं मात्र उतरवू नका. ड्रॉइंग, कोड, ग्राहकांची नावं यांतलं काही नको. काय अडचण होती, आपण काय केलं, काय फरक पडला, एवढंच पुरे.

वहीची ताकद पाहायची असेल तर जॅक किल्बी यांना आठवा. इलिनॉय विद्यापीठाचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. १९५८ मध्ये ते टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये नवे रुजू झाले होते. उन्हाळ्यात बाकीचे सुट्टीवर गेले, नव्या माणसाला सुट्टी नव्हती. रिकाम्या प्रयोगशाळेत बसून त्यांनी विचार केला, की रोधक, धारक आणि ट्रान्झिस्टर एकाच पदार्थाच्या तुकड्यावर बनवता येतील, म्हणजे आज आपण जिला चिप म्हणतो तीच कल्पना. २४ जुलै १९५८ या तारखेखाली त्यांनी हे वहीत लिहून ठेवलं. १२ सप्टेंबरला चालणारं सर्किट वरिष्ठांना दाखवलं. पुढे दुसऱ्या कंपनीतल्या रॉबर्ट नॉइस यांनीही स्वतंत्रपणे तीच कल्पना अधिक चांगल्या रीतीने मांडली आणि श्रेयावरून कंपन्यांमध्ये दीर्घ वाद झाला. आज दोघांनाही श्रेय दिलं जातं. २००० मध्ये किल्बी यांना नोबेल मिळालं तोवर ४२ वर्षं उलटली होती, पण कधी काय सुचलं याची तारीख जागेवर होती.

महिन्यातून एकदा, पंधरा मिनिटं. एवढं पुरतं.

काम गोपनीय आहे. काही लिहिता येत नाही.

मग तपशील लिहू नका. क्षेत्र, जबाबदारीची पातळी, किती माणसं हाताखाली होती, किती वर्षं, एवढं लिहा आणि तेही आधी वरिष्ठांना विचारून. रकाना रिकामा राहिला तरी मला तो समजतो.

मी मेंटेनन्स, टेस्टिंग किंवा सुरक्षा विभागात आहे. आमचं काम नीट झालं की काहीच घडत नाही. ते कसं दाखवू?

मी स्वतः मेंटेनन्सची, त्यामुळे हा प्रश्न आला की मला विचारणाऱ्याला भेटावंसं वाटतं. नवं यंत्र बसलं की फीत कापतात, फोटो निघतात. तेच यंत्र पंधरा वर्षं चालत ठेवणाऱ्याचा फोटो कुणी काढत नाही.

काही घडलं नाही, हेही मोजता येतं. दोन बिघाडांमधला सरासरी काळ आधी किती होता, आता किती आहे? नियोजनाबाहेरचे बंद तास किती कमी झाले? तपासणीत किती दोष बाहेर जाण्याआधी पकडले आणि त्यातला सगळ्यात गंभीर कोणता होता? सेफ्टी व्हॉल्व्हची चाचणी वेळेवर झाल्याचं प्रमाण? हे आकडे तुमच्याच लॉगबुकात पडून असतात. ते काढा, पण एक पथ्य पाळा: फक्त चांगलं वर्ष निवडून दाखवू नका, सलग तीन-चार वर्षं दाखवा. अनुभवी माणूस एका वर्षाच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे.

माझ्या हातून मोठी चूक झाली होती. ती लपवून ठेवावी का?

चूक लपवणं आणि चूक स्वतःहून उघड करून दुरुस्त करणं, यांतलं दुसरं मी कामगिरीत मोजते.

विल्यम लेमेझुरिए हे न्यूयॉर्कच्या ५९ मजली सिटीकॉर्प सेंटरचे स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारत १९७७ मध्ये पूर्ण झाली. तिचे आधार चारही कोपऱ्यांवर नव्हते, प्रत्येक बाजूच्या मध्यावर होते. १९७८ मध्ये एका विद्यार्थिदशेतल्या व्यक्तीच्या शंकेमुळे त्यांनी गणित पुन्हा तपासलं. वारा समोरून आला तर इमारत भक्कम होती, तिरपा कोपऱ्यावर आला तर मात्र काही भागांवर ताण बराच वाढत होता. त्यात सांधे वेल्डिंगऐवजी बोल्टने जोडले गेले होते. त्यांनी मालकांना स्वतः जाऊन सांगितलं. मग रात्री लोक गेल्यावर आत वेल्डर यायचे, सांध्यांवर पोलादी पट्ट्या जोडायचे आणि सकाळ व्हायच्या आत आवरून जायचे. इमारत वाचली. पण हे प्रकरण १९९५ पर्यंत लोकांपासून लपवलं गेलं आणि मला तो भाग मान्य नाही. आसपास राहणाऱ्यांना धोका कळायला हवा होता. त्यांचा प्रामाणिकपणा मोठा होता, त्याच प्रकरणातली गुप्तता चुकीची होती. दोन्ही खरं आहे.

याच्याच शेजारी मी रॉजर बॉइजॉली यांना ठेवते. ते मेकॅनिकल इंजिनिअर, अमेरिकेच्या स्पेस शटलचे रॉकेट बनवणाऱ्या कंपनीत. थंडीत रॉकेटच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग कडक होते आणि गळती होऊ शकते, असं त्यांनी जुलै १९८५ मध्येच लेखी कळवलं होतं. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उड्डाण थांबवा म्हणून जीव तोडून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत चॅलेंजर हे शटल फुटलं, सातही अंतराळवीर गेले. बॉइजॉलींना दुर्घटना टाळता आली नाही, पुढे नोकरीही सुटली. तरीही इंजिनिअर म्हणून त्यांनी जे करायचं ते केलं होतं, आणि लेखी केलं होतं. अशी 'नाही' म्हणाल्याची नोंद कुणी माझ्याकडे पाठवली तर मी ती सगळ्यात वर ठेवीन.

मी मॅनेजमेंटमध्ये गेलो. इंजिनिअरिंग सुटलं असं वाटतं.

तुमच्या निर्णयांमुळे कोणतं तांत्रिक काम शक्य झालं ते लिहा. आणि तुमच्या हाताखाली शिकून कोण पुढे गेलं तेही लिहा. दुसरा मुद्दा बहुतेक मॅनेजर विसरतात.

करिअरमध्ये खंड पडला. मुलं, आजारपण, घरच्यांची काळजी. वयाने मागे पडल्यासारखं वाटतं.

खंडाची तारीख लिहा, कारण लिहायची सक्ती नाही. बायकांकडून हा प्रश्न जास्त येतो, म्हणून दोघींबद्दल सांगते.

ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाल्या तेव्हा मूल अगदी तान्हं होतं. त्या चेन्नईतल्या गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेल्या, इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या, भारतातल्या पहिल्या महिला इंजिनिअरांमध्ये त्यांची गणना होते. भाक्रा-नांगलच्या विद्युत कामात त्यांचा वाटा होता आणि १९६४ मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या महिला इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला त्या गेल्या होत्या.

एडिथ क्लार्क यांनी १९१९ मध्ये एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची मास्टर्स पदवी मिळवली, तिथली ती पदवी मिळवणारी पहिली स्त्री. इंजिनिअर म्हणून नोकरी कुणी देईना. जनरल इलेक्ट्रिकमध्ये गणितं करणाऱ्या मुलींवर देखरेख करायचं काम मिळालं. त्याच काळात त्यांनी वीजवाहिन्यांची किचकट समीकरणं सोडवणारं एक साधन बनवून त्याच्या पेटंटचा अर्ज केला. कंपनीने इंजिनिअरची जागा दिली नाही तेव्हा त्या नोकरी सोडून तुर्कस्तानात भौतिकशास्त्र शिकवायला गेल्या. परत आल्यावर त्याच कंपनीने त्यांना इंजिनिअर म्हणून घेतलं. तो मधला काळ त्यांच्या नोंदीतून वगळला तर गोष्टच अपुरी राहते.

खंडानंतर परत येताना एक छोटं पूर्ण काम दाखवा. कोर्सच्या दहा प्रमाणपत्रांपेक्षा ते जास्त बोलतं.

पदवी दुसऱ्या देशात ग्राह्य धरतात का? परवाना ही कामगिरी आहे का?

१९८९ च्या वॉशिंग्टन करारातले देश एकमेकांच्या मान्यताप्राप्त इंजिनिअरिंग पदव्या समकक्ष मानतात. सुरुवात सहा देशांच्या संस्थांनी केली, भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला. मात्र मान्यता त्या त्या अभ्यासक्रमाला असते, सगळ्या कॉलेजांना सरसकट नाही, आणि करार पदवीपुरता आहे. स्वतःच्या सहीने डिझाइन मंजूर करण्याचा परवाना प्रत्येक ठिकाणी वेगळा मिळवावा लागतो. तो परवाना ही निश्चित कामगिरी आहे. आपल्या सहीला कायद्याने वजन येतं आणि जबाबदारीही.

कॅनडात नव्या इंजिनिअरांना एका समारंभात 'लोखंडी अंगठी' म्हणून ओळखली जाणारी अंगठी देतात. १९२५ पासूनची प्रथा. ती लिहित्या हाताच्या करंगळीत घालायची, म्हणजे ड्रॉइंगवर हात फिरला की ती कागदाला घासते आणि जबाबदारीची आठवण देते. मला ही कल्पना फार भावते.

पुरस्कार आणि फेलोशिप किती महत्त्वाच्या? स्वतः अर्ज करावा का?

देणारं कोण आणि निवड कशी होते, यावर ठरतं. पैसे भरून मिळणारे पुरस्कार लिहू नका, वाचणाऱ्याला ते ओळखता येतात आणि बाकीच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. आयईईई या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेसारख्या संस्थेत सीनियर मेंबर होण्यासाठी दहा वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो. त्यासाठी स्वतः अर्ज करता येतो, आणि पात्र असाल तर जरूर करा. तिथलीच फेलोशिप वेगळी. दुसऱ्याने नाव सुचवावं लागतं आणि एका वर्षात मतदार सदस्यांच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त जणांना ती देत नाहीत.

नामांकन करणाऱ्याला तुमचं काम माहीत असेल असं गृहीत धरू नका. वर सांगितलेली वही त्याच्यापुढे ठेवा.

स्वतःबद्दल लिहिताना बढाई मारल्यासारखं वाटतं.

विशेषणं काढून टाका. 'उत्कृष्ट', 'भरीव', 'अभूतपूर्व' हे शब्द खोडले की उरतं ते काम आणि आकडे. ते खरे असतील तर ती बढाई नाही, माहिती आहे. आकडा अंदाजाने देत असाल तर 'सुमारे' लिहा.

निवृत्त झालो. आता लिहून काय उपयोग?

एका निवृत्त बॉयलर इंजिनिअरांनी मला हेच विचारलं होतं. त्यांच्या जुन्या प्लांटमध्ये काम करणाऱ्या एका मुलीचा फॉर्म योगायोगाने त्याच महिन्यात आला. तिने लिहिलं होतं, की कंट्रोल रूमच्या भिंतीवर लॅमिनेट केलेला एक हाताने लिहिलेला तक्ता आहे, कोणत्या भाराला हवा आणि इंधन किती ठेवायचं याचा. ऑपरेटर अजूनही तोच पाहतात, खाली फक्त आद्याक्षरं आहेत, कुणाची ते तिला माहीत नाही. मी ती आद्याक्षरं काकांना फोनवर वाचून दाखवली. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यातली तिसरी ओळ आता बदलायला हवी, बर्नर नवे बसलेत ना? तिचा नंबर द्या."

मी तिला विचारून नंबर दिला.